चिलापीचं गोत : प्रस्तावना

भिगवणच्या आणि इंदापूरच्या मासळी बाजारात उतरणाऱ्या मालात चिलापीचे ढीग नजरेत भरतात. सोलापूर महामार्गावरच्या हॉटेलांत ताटात येणारा तळलेला मासा बहुतेक वेळा हाच असतो. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्यानंतर काठावर जन्मलेल्या माणसाला चिलापी ही भीमेचीच मासळी वाटते, आणि तसं वाटण्यात त्याची काही चूक नाही. त्यानं वाहती भीमा पाहिलेलीच नाही, धरणाचा यशवंतसागर जलाशय पाहिला आहे. चिलापी मात्र मूळची आफ्रिकेची, आणि तिचं गोत आफ्रिकेपुरतंही मर्यादित नाही. पुण्या-बारामतीच्या दुकानांत काचेच्या टाकीतून विकला जाणारा ऑस्कर, उभ्या पट्ट्यांचा एंजल, ताटलीसारखा गोल डिस्कस हे सगळे तिचे चुलतभाऊ, आणि त्यांचं घर दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या खोऱ्यात. या सर्वांचं कूळ एकच : सिक्लिड.

हे पुस्तक त्या कुळाबद्दल आहे, आणि त्यातला मोठा भाग दक्षिण अमेरिकेतल्या शाखेला दिलेला आहे. वरकुटे गावात बसून ॲमेझॉनच्या माशांवर का लिहावं, असं कोणी विचारलं तर त्याला माझ्याकडे उत्तर आहे. चिलापीनं अख्खी उजनी कशी व्यापली, हा आमच्या भागातला जुना प्रश्न आहे. ती चिवट आहे, काहीही खाते, घाणीत तगते, असं त्याचं उत्तर दिलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. चिवट मासे आपल्याकडे पूर्वीही होते. चिलापीची खरी ताकद तिच्या संसारात आहे : घर करणं, अंडी राखणं, पिल्लं वाढवणं. आणि हा संसार उजनीच्या गढूळ पाण्यात दिसत नाही. तो समजून घ्यायचा तर त्याच कुळातल्या ज्या माशांवर माणसानं वर्षानुवर्षं काचेपलीकडून नजर ठेवली आहे, त्यांच्याकडे जावं लागतं.

आधी ओळख पटवून घेऊ. बहुतेक माशांना डोळ्यापुढं प्रत्येक बाजूला दोन-दोन नाकपुड्या असतात, सिक्लिडांना एक-एकच. चिलापी हातात घेऊन कोणीही हे पाहू शकतो. अंगाच्या कडेनं जाणारी रेघ, जिच्यामुळं माशाला पाण्यातली हालचाल कळते, ती शेपटीपर्यंत सलग जात नाही. ती मध्येच तुटते आणि थोडी खाली पुन्हा सुरू होते. तिसरी खूण घशात आहे. तिथं दातांचा आणखी एक जबडा असतो आणि अन्न फोडायचं, चिरडायचं काम तो करतो. कारेल लीम या संशोधकानं १९७३ मध्ये मांडलं की घशातल्या या जबड्यामुळं तोंडातला जबडा चावण्याच्या कामातून सुटला आणि इतर कामांना मोकळा झाला. ही इतर कामं म्हणजे वाळू उपसणं, खड्डा खणणं, दगड पुसणं, पिल्लं उचलणं. सिक्लिडाचं तोंड म्हणजे त्याचा हात, हे एकदा लक्षात ठेवलं की पुढची पानं सोपी होतील.

आता ॲमेझॉनकडे. त्या नदीचं पाणी मनाऊस शहराजवळ दरवर्षी सुमारे १० मीटर चढतं आणि उतरतं. आपल्याकडे एवढा पूर आला तर ती आपत्ती ठरते, तिथं तो ऋतू आहे. पाणी चढलं की काठावरचं जंगल महिनोन् महिने बुडलेलं राहतं आणि मासे झाडांच्या फांद्यांतून फिरतात. रिओ नेग्रोचं पाणी कोऱ्या चहासारखं काळसर तांबूस आहे. कुजलेल्या पानांचा अर्क त्यात उतरलेला असतो. ते इतकं आम्लयुक्त आणि क्षारांनी इतकं गरीब आहे की आपल्या विहिरीच्या जड पाण्यावर वाढलेला मासा तिथं टिकणं अवघड. डिस्कस याच पाण्यातला. काठालगत बुडालेल्या झुडपांत, पडलेल्या झाडांच्या शेंड्यांत तो थव्यानं राहतो. चपट्या गोल अंगामुळं त्याला फांद्यांच्या फटीतून सरकता येतं आणि अंगावरचे उभे पट्टे काटक्यांच्या सावल्यांत मिसळून जातात. शेवाळ, कुजका पाला, बारीक किडे असं त्याचं साधं खाणं आहे.

वीण आली की थव्यातून जोडी वेगळी होते. नर-मादी मिळून एखादी फांदी किंवा पान तोंडानं घासून स्वच्छ करतात, मादी त्यावर अंडी चिकटवते आणि दोघं आळीपाळीनं पंखांनी वारा घातल्यासारखं पाणी हलवत राहतात. दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात. आणखी तीनेक दिवसांनी पिल्लं पोहायला लागतात आणि अन्न शोधायला बाहेर न जाता आई-बापाच्या अंगाला जाऊन भिडतात. विणीच्या काळात दोघांच्याही कातडीवर चिकट स्रावाचा जाड थर येतो आणि पिल्लं तो टिपून खातात. एकाचं अंग पिल्लांनी पुरेसं टिपलं की तो अंगाला झटका देतो आणि अख्खा घोळका जोडीदाराकडे वळतो. हिल्डमन या संशोधकानं १९५९ मध्ये हे शास्त्रीय नियतकालिकात मांडलं. त्यानंतर २०१० मध्ये ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की अंडी घातल्यावर या स्रावातली प्रथिनं आणि रोगप्रतिकारक द्रव्यं वाढतात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून आई-बाप पिल्लांपासून थोडा थोडा वेळ दूर पोहू लागतात. अंगावर पाजणं आणि अंगावरून तोडणं, या दोन्ही गोष्टी माशांतही आहेत. आणि इथं ते काम बापही करतो.

ऑस्करची गोष्ट निराळी. तो दांडगा, किडे-झिंगे-मासे खाणारा, सपाट दगडावर हजाराच्या पुढं अंडी घालणारा आणि ती जोडीनं राखणारा आहे. त्याच्या शेपटीच्या बुडाशी केशरी कडीचा काळा ठिपका असतो, अगदी डोळ्यासारखा. पिरान्हा मासे इतरांचे पर आणि शेपट्या तोडून खातात. हा खोटा डोळा त्यांना चकवतो, असं विनमिलर या अभ्यासकाचं म्हणणं आहे. पुराचं पाणी साचून कोंदट झालं, त्यातला प्राणवायू घटला, तरी ऑस्कर तग धरतो. ही गोष्ट उजनीच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बाकीच्यांचा इथं नुसता उल्लेख करतो. जिओफेगस वाळूचा घास घेऊन त्यातलं खाद्य वेचतो आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. बुजुर्क्विना सुट्या पानावर अंडी घालतो आणि धोका दिसला की अंड्यांसकट पान ओढत दुसरीकडे नेतो. एपिस्टोग्रामा बोटभर लांबीचा. त्याच्या बऱ्याच जातींत एका नराच्या हद्दीत अनेक माद्या आपापलं बिऱ्हाड थाटतात.

या माशांचा अभ्यास तीन वाटांनी झाला. पहिली वाट नावं देणाऱ्यांची. योहान नाटेरर हा ऑस्ट्रियन संग्राहक १८१७ ते १८३५ ब्राझीलमध्ये फिरला. त्यानं पाठवलेल्या नमुन्यांवरून व्हिएन्नात बसलेल्या हेकेलनं १८४० मध्ये डिस्कससह अनेक सिक्लिडांची वर्णनं छापली. ऑस्करचं वर्णन त्याआधी, १८३१ मध्ये, आगासी या शास्त्रज्ञानं केलं होतं आणि त्याला तो समुद्रातला मासा वाटला. मेलेला नमुना पाहून लिहिलं की असं होतं. पुढं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टॉकहोमच्या स्वेन कुलांडर यांनी दक्षिण अमेरिकेतल्या सिक्लिडांची मांडणी नव्यानं केली. याच वाटेवर एथेलविन ट्रेवावस यांचं काम येतं आणि आपल्या दृष्टीनं ते सर्वांत मोलाचं आहे. लंडनच्या संग्रहालयात आयुष्य घालवलेल्या या बाईंनी चिलापीच्या भाऊबंदांचे गट पाडताना पिल्लं कोण आणि कशी सांभाळतं याला महत्त्व दिलं. दगडावर किंवा जमिनीवर अंडी राखणारे टिलापिया, ज्यांच्यात बाप किंवा दोघंही तोंडात अंडी धरतात ते सॅरोथेरोडॉन, आणि जिथं एकटी आई धरते ते ओरिओक्रोमिस. आपली चिलापी या शेवटच्या गटातली. संगोपनाच्या रीतीवरून प्रजाती ओळखायची, हा विचार मला फार मोठा वाटतो.

दुसरी वाट वागणं पाहणाऱ्यांची. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी एका आफ्रिकन सिक्लिड बापाची हकीकत लिहून ठेवली आहे. हरवलेलं पिल्लू घरट्याकडे नेण्यासाठी त्यानं तोंडात घेतलं तेव्हा तोंडात आधीच किडा होता. तो थबकला, दोन्ही बाहेर टाकलं, किडा खाल्ला आणि मग पिल्लू उचलून घरी नेलं. हॉलंडमधल्या बेरेंड्स पती-पत्नींनी १९५० मध्ये सिक्लिडांच्या वर्तनावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणता रंग चढला की मासा काय ‘बोलतो’, कोणत्या हालचालीवर पिल्लं गोळा होतात, हे त्यात बारकाईनं टिपलं आहे. बर्कलीचे जॉर्ज बार्लो यांनी हीच वाट पुढं नेली आणि २००० मध्ये सामान्य वाचकाला कळेल असं पुस्तक लिहिलं. माझं पुस्तक या वाटेवरचं आहे, हे मोकळेपणानं सांगतो.

तिसरी वाट उत्क्रांतीची आणि तिचं माहेर आफ्रिकेतली मोठी सरोवरं. व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं. ते पुन्हा भरल्यावर त्यात सिक्लिडांच्या शेकडो जाती निर्माण झाल्या, कण्याच्या प्राण्यांत इतका वेग दुसरीकडे क्वचितच दिसतो. मग विसाव्या शतकाच्या मध्यात तिथं माणसानं नाईल पर्च हा शिकारी मासा सोडला आणि नाईल चिलापीही सोडली. १९८० च्या दशकात पर्चची संख्या भडकली आणि शेकडो स्थानिक जाती दिसेनाशा झाल्या. म्हणजे आफ्रिकेतही चिलापी काही पाण्यांत उपरीच आहे.

या वाटांवरचा एक जुना वाद आपल्यालाही येऊन भिडतो. सिक्लिड आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण आणि मध्य अमेरिका, इराणचा थोडा किनारी भाग, दक्षिण भारत आणि श्रीलंका अशा मोजक्याच भागांत का? नकाशा पाहिला की गोंडवन, दक्षिणेकडचा एकेकाळचा अखंड महाखंड, डोळ्यांपुढं येतं आणि भूखंड फुटले तसे मासे विभागले गेले, असं एका पक्षाचं म्हणणं आहे. दुसरा पक्ष जीवाश्म पुढं करतो. अर्जेंटिनात आणि टांझानियात सापडलेले जुन्यात जुने सिक्लिड सुमारे साडेचार ते पाच कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि गोंडवन त्याच्या कितीतरी आधी फुटलं. तेव्हा हे मासे समुद्र ओलांडून गेले असले पाहिजेत. खारं पाणी सोसणारे सिक्लिड आजही आहेत, त्यामुळं हा दावा उडवून लावता येत नाही. मला स्वतःला पहिला पक्ष अधिक पटतो, कारण भारतातल्या सिक्लिडांचे सख्खे नातेवाईक मादागास्करमध्ये आहेत आणि भारत-मादागास्कर एकेकाळी जोडलेले होते. पण वाद मिटलेला नाही आणि पुस्तकात दोन्ही बाजू दिल्या आहेत.

भारताचे स्वतःचे सिक्लिड तीनच. त्यातला मोठा गोव्यात कालुंदर म्हणून ओळखला जातो. केरळात तो करिमीन, २०१० पासून त्या राज्याचा राज्यमासा. दुसरा त्याचा धाकटा भाऊ, पिवळ्या अंगाचा, केरळच्या खाजणांतला. तिसरा कर्नाटकच्या किनाऱ्याकडच्या नद्यांतला. धाकट्या पिवळ्याची पिल्लंही आई-बापाच्या अंगावरचा स्राव टिपतात, हे १९७० च्या आसपास अमेरिकन अभ्यासकांनी नोंदवलं आहे. ॲमेझॉनच्या डिस्कसमध्ये आणि केरळच्या खाजणात एकच रीत सापडते, आणि मराठीत तिच्याबद्दल जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही, याची मला खंत वाटते.

भीमेत मात्र सिक्लिड नव्हते. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णनं केली. त्यासाठी भीमेकाठच्या पेडगावचे नमुनेही वापरले आणि खुद्री, कोलूस, फुलंगी, नुक्ता अशी इथल्या माणसांच्या तोंडची नावं शास्त्रीय नावांत घातली. त्या यादीत चिलापी असणं शक्यच नव्हतं. मोझांबिक चिलापी भारतात आली १९५२ मध्ये. गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिनं यावीत हा हेतू होता. ती तळ्यांतून भराभर वाढली, खुजी राहू लागली, इतर माशांना भारी पडू लागली, तेव्हा १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंदी आली. तोवर ती पसरली होती. नाईल चिलापी नंतर आली, आणि २००९ मध्ये केंद्र सरकारनं नियमावली घालून तिच्या सुधारित वाणाच्या संवर्धनाला परवानगी दिली. आज इंदापूर-बारामतीकडच्या शेततळ्यांतून एकलिंगी, म्हणजे फक्त नरांची, चिलापी वाढवणारे शेतकरी आहेत, आणि दुसरीकडे मोझांबिक चिलापी तिच्या मूळ नद्यांत नाईल चिलापीशी संकर होऊन इतकी आटली की आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेनं तिला ‘असुरक्षित’ ठरवलं आहे. आपल्याकडे जी उपद्रवी ठरते, तीच मायदेशी धोक्यात आहे.

आता उजनीचा प्रश्न. कटला, रोहू, मृगळ हे धरणात बीज सोडून वाढवलेले मासे. तेही इथले नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातले आहेत. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागं दोन-तीन लाख अंडी घालते आणि विसरून जाते. पण त्या अंड्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं, आणि तेही वर्षातून एकदाच येतं. चिलापीची रीत याच्या अगदी उलट आहे. नर उथळ पाण्यात, चिखलात परातीसारखा गोल खड्डा करतो आणि त्याची राखण करतो. मादी येऊन त्यात काहीशे अंडी घालते आणि लगेच तोंडात भरून निघून जाते. अंडी तोंडातच फुटतात. पुढं दीड-दोन आठवडे पिल्लं चरायला बाहेर पडतात आणि चाहूल लागली की आईच्या तोंडात शिरतात. या काळात ती जवळजवळ उपाशी असते. पाणी उबदार असेल तर महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा वीण. तिला वाहतं पाणी लागत नाही, पूर लागत नाही. उजनीची पातळी वर्षभर हलत राहते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली, म्हणजे मृतसाठ्यात बरंच आत, गेलं होतं. पाणी असं झपाट्यानं ओसरतं तेव्हा दगडाला चिकटलेली अंडी उघडी पडून वाळतात. तोंडातली अंडी आईबरोबर खोल पाण्यात जातात. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून इथं येतं, पाण्याला हिरवा रंग चढतो, आणि चिलापी शेवाळावर जगते. धरण बांधताना आणि शहर वाढवताना आपण नकळत तिच्यासाठीच घर तयार केलं, असं माझं ठाम मत आहे. दोष माशावर टाकून हा विषय संपत नाही.

गेल्या काही वर्षांत याला नवी बाजू जोडली गेली. उजनीच्या जाळ्यांत सकर मासा येऊ लागला. तो दक्षिण अमेरिकेचाच, पण सिक्लिड नव्हे. टाकीतली काच साफ करतो म्हणून लोक तो विकत घेतात, आणि मोठा झाला की कोणीतरी ओढ्यात नेऊन सोडतो. त्याच्या काटेरी, कडक अंगानं जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. त्याचाही नर बिळात अंडी राखतो. ऑस्कर अडचणीतल्या पाण्यात तगतो आणि पिल्लं राखतो, हे वर आलंच आहे. भाग्य उजळतं म्हणून विकला जाणारा, माणसानं संकरातून तयार केलेला फ्लॉवरहॉर्नही त्याच कुळाचा. तेव्हा या पुस्तकातलं संगोपनाचं वर्णन कौतुकानं वाचावं, आणि त्याचबरोबर हेही ओळखावं की जो मासा पिल्लं राखतो त्याची एक जोडी धरणात सोडणं आणि दहा रोहू सोडणं या एकसारख्या गोष्टी नव्हेत. टाकी ठेवणाऱ्या मुलामुलींशी मी याबद्दल एका स्वतंत्र प्रकरणात बोललो आहे. मासा नकोसा झाला तर दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा. नदी, कालवा, तलाव, विहीर यांपैकी कुठंही सोडू नये.

हे मासे पाळण्याचं मार्गदर्शक पुस्तक नाही. किती लिटरची टाकी, कोणतं खाद्य, याची माहिती इतरत्र मिळते. चिलापी नष्ट कशी करावी, हेही यात नाही. शेकडो भोई कुटुंबांची चूल आज तिच्यावर पेटते, आणि त्यांच्या हिताचा विचार न करता तिच्याबद्दल बोलणं मला मान्य नाही. मला या कुळाच्या जगण्याची रीत सांगायची आहे. प्रकरणांची रचना त्यामुळं जातींनुसार केली नाही. हद्द, जोडी, अंडी, पिल्लं, भांडण, स्थलांतर असे विषय घेतले आणि प्रत्येक विषयात ॲमेझॉन, आफ्रिकेतली सरोवरं, केरळची खाजणं आणि उजनी शेजारी शेजारी ठेवली. शास्त्रीय नावं देवनागरीत दिली आहेत, आणि जिथं आपल्या भागात चालणारा शब्द आहे तिथं तोच आधी वापरला आहे.

एका बाबतीत वाचकांकडून काम हवं आहे. उजनीत बारीक भोकांच्या वडाप जाळ्यांनी लहान मासा उपसला जातो, अशी ओरड मच्छीमारच वारंवार करतात. चिलापी गर्दीत आणि ताणात असली की लहान वयात, बोटभर असतानाच वीण घालू लागते आणि मग अंगानं वाढत नाही, ही तिची जगभर नोंदलेली खोड आहे. मोठा मासा सतत काढला गेल्यानं उजनीत ती आणखी लवकर विणीला येते का, हे तपासायला फार साधनं लागत नाहीत. पुस्तकाच्या शेवटी त्यासाठी कोरे तक्ते जोडले आहेत : तारीख, गाव, पाण्याची खोली, जाळ्याच्या आसाचं (भोकाचं) माप, काठावर उघड्या पडलेल्या खड्ड्यांची रुंदी, आणि तोंडात अंडी असलेली सर्वांत लहान मादी किती सेंटिमीटरची सापडली. उजनीकाठच्या पळसदेवपासून कांदलगावपर्यंत काही गावांतून दोन वर्षं अशा नोंदी आल्या, तर किती लांबीच्या आतली चिलापी पाण्यात परत सोडावी यावर अंदाजानं भांडण्याऐवजी मच्छीमार संस्था आणि मत्स्यव्यवसाय खातं आकडे समोर ठेवून बोलू शकतील.